चालू गाडीतला ओरिजिनल

खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना समोर तांबडा दिवा दिसला, तो मला बोगद्यातलाच वाटला. बोगदा संपला, दिवा गेला नाही. तो डॅशबोर्डवर होता. एक चौकोनी डबी, तिला वर दोन शिंगं, आत एक अधिक आणि एक उणे. मी बत्तीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काढली, खिळ्यांच्या जुळणीपासून संगणकापर्यंत. खुणा वाचण्यावरच माझं पोट चाललं. मी आत्मविश्वासाने वाचलं, "बॅटरी."

"बॅटरी काय?" शेजारून बायकोने विचारलं. "आहे की संपली?"

"नुसतंच बॅटरी म्हणतेय."

"क्रियापद नाही?" ती म्हणाली. मुद्रितशोधकाशी तीस वर्षं संसार केला की माणूस असा होतो. "एवढ्या लाखांची गाडी आणि वाक्य पुरं करत नाही."

वाईला पुतण्याची मुंज होती. मुंज, मग जेवण, मग थांबाच म्हणून आग्रह, असं करता करता निघायला रात्र झाली होती. शिरवळला हेडलाइट पिवळे पडले, खेड-शिवापूरला भगवे झाले. टोलनाक्यावर टॅग वाचला जाईना म्हणून काच खाली केली, ती परत वर आली नाही. पुढच्या ट्रकला हॉर्न दिला तर आमच्या गाडीने नुसता घसा खाकरला, दारात आलेल्या संकोची पाहुण्यासारखा. एसी, रेडिओ, फोनचं चार्जिंग, सगळं बंद केलं. बायकोने आतला छोटा दिवाही बंद करायला सांगितला. तो लागलेलाच नव्हता. धनकवडीत सोसायटीच्या फाटकापाशी आलो आणि गाडी थांबली. मी थांबवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी नवी बॅटरी घेतली. चित्रात बॅटरी होती, दुकानात बॅटरी होती, यात आणखी विचार करण्यासारखं मला काही दिसलं नाही. जुनीचे सातशे वजा जाऊन ३,६०० रुपये. पुढचे दोन दिवस गाडी अशी पळाली, की मी पार्किंगमध्ये तिघांना वाहनांचं विद्युतशास्त्र समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली. टक्. बाकी काही नाही.

तेव्हा मामा आले. मामा म्हणजे आमच्या भागातले वायरमन. त्यांच्या गॅरेजवर पाटी आहे, 'सेल्फ, डायनामो, वायरिंग'. खाली बारीक अक्षरात, 'गाडीखालच्या माणसास हाक मारू नये'. पाटीत शुद्धलेखनाची एकही चूक नाही. खरं सांगायचं तर माझा मामांवर विश्वास बसला तो एवढ्यावरच.

मामांनी दुसऱ्या बॅटरीची वायर जोडून गाडी चालू केली, ती वायर काढली आणि मीटरची दोन टोकं माझ्या नव्या बॅटरीला लावली. ११.८. चांगली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. गाडी चालू केली की हा आकडा चौदाच्या घरात जायला हवा. मग मामांनी गाडी बंद केली, मला किल्ली नुसती 'ऑन' करायला सांगितलं आणि एक स्क्रूड्रायव्हर इंजिनच्या कडेला बसलेल्या एका भोपळ्याएवढ्या वस्तूच्या नाकाशी नेला.

"चिकटतोय का बघा."

"नाही."

"चिकटायला पाहिजे. आत चुंबक तयारच होत नाय. डायनामो चार्जिंग मारत नाय साहेब. बॅटरीला काय झालं नव्हतं."

"पण दिवा तर बॅटरीचा होता!"

"पगार जमा झाला नाय की पासबुकात दिसतं," मामा म्हणाले. "म्हणून काय पासबुक बदलता?"

एवढ्यात समोरच्या इमारतीतले काका आले. काका निवृत्त अभियंते आहेत आणि सोसायटीत कुठलंही बॉनेट उघडलं की त्यांना तिसऱ्या मजल्यावर कळतं. ते म्हणाले, "सोपी परीक्षा आहे. चालू गाडीत बॅटरीची वायर काढायची. गाडी बंद पडली तर डायनामो गेला. आम्ही फियाटला असंच बघायचो." आणि हात पुढे केला. मामांनी तो हात वरच्यावर धरला. "फियाटला कॉम्प्युटर नव्हता काका."

मामांचं बरोबर होतं. चालू गाडीत बॅटरी एकदम तोडली, की त्या भोपळ्याएवढ्या वस्तूकडून निघालेल्या विजेला थोपवणारं कुणी राहत नाही. व्होल्टेज क्षणभर वाट्टेल तेवढं उडतं, आणि डायनामोत बिघाड आहे की नाही हे शोधताना तो नक्की करून ठेवता येतो. गाडीतला कॉम्प्युटर जातो तो वेगळा.

आता शब्दाचं. मामा त्या वस्तूला डायनामो म्हणतात. गाडीच्या पुस्तकात ऑल्टरनेटर आहे. दोन्ही एक नव्हेत, आणि चुकीचा शब्द रूढ झालेला पाहिला की माझ्या हातातली पेन्सिल आपोआप हलते, म्हणून जरा थांबतो. चुंबक आणि तारेचं वेटोळं एकमेकांजवळ हलवलं की वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलं. आमच्या पिढीने त्याचा अनुभव सायकलवर घेतला. बाटलीच्या आकाराचा डायनामो टायरला घासायचा, पायडल मारू तसा दिवा, चढ आला की अंधार. पुण्यात डबलसीट आणि विनादिवा हे दोन मोठे गुन्हे होते, आणि पोलिस नेमका चढावर उभा असायचा. जुन्या फियाट-अँबॅसडरमध्ये खराखुरा डायनामो होता, लांबट नळकांड्यासारखा. त्याचंही सायकलसारखंच. सिग्नलला गाडी उभी राहिली की त्याचं फिरणं मंदावायचं आणि हेडलाइट पेंगायला लागायचे. ऑल्टरनेटर मात्र गाडी उभी असतानाही पुरेशी वीज करतो. ती उलटसुलट वाहणारी असते, ती सरळ करायला त्याच्या पाठीत डायोड लागतात, आणि सिलिकॉनचे टिकाऊ डायोड स्वस्त होईपर्यंत त्याला मोटारीत जागा मिळाली नव्हती. १९६० साली अमेरिकेत क्रायस्लरने आपल्या व्हॅलियंट गाडीत तो सरसकट बसवला आणि हळूहळू डायनामो जगातून गेला. आपल्याकडे वस्तू गेली, शब्द राहिला. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असेल. मग डायनामो काढू का?"

काढला. माझी अट एकच होती. तो तपासायला वाइंडिंगवाल्याकडे जाणार होता, आणि दुरुस्तीला गेलेल्या वस्तूच्या पोटातलं तांबं बदललं जातं, हे आपण सगळे आईच्या दुधाबरोबर शिकलेलो असतो. मी खूण करायचं ठरवलं. बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली आणली आणि ऑल्टरनेटरच्या पोटावर मुद्रितशोधनातली एक खूण काढली. शब्द गाळायचा असेल तर समासात आम्ही शेपटीचं एक वेटोळं काढतो, ते. पुण्यातल्या कुठल्याही वाइंडिंगवाल्याला याची नक्कल जमणार नाही, याची मला खात्री होती.

संध्याकाळी मामांचा फोन आला. आतले कार्बन झिजून संपलेत, रेग्युलेटर गेलाय, बेअरिंग आवाज करतायत. वाइंडिंग चांगलं आहे. १,८०० रुपयांत होईल. मी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "रिपेअर केलेला टिकत नाही. नवा टाका." मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "बारा वर्षं झाली ना गाडीला? पुन्हा कुठे रात्री बोगद्यात अडकायचं." मी मामांना सांगितलं, जुना काढून टाका, नवाच घेतो. मामा म्हणाले, "भंगारवाला चारशे देतोय, मजुरीत वळते करतो." चारशे रुपये म्हणजे चांगलेच, असं मला वाटलं. तो माझा या प्रकरणातला शेवटचा समाधानाचा क्षण.

आधी मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे एक टायवाला मुलगा असतो. त्याने टॅबमध्ये गाडीचा नंबर घातला, माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि म्हणाला, "असेंब्ली येईल सर." कार्बनचे दोन तुकडे मिळतील का, या प्रश्नावर तो हसला. कार्बन ही वस्तू त्याने आवर्तसारणीतच पाहिली असावी. "आम्ही रिपेअर नाही करत सर, रिप्लेस करतो." असेंब्ली ११,४०० रुपये, तीन ते सात दिवसांत. शिवाय बेल्ट बदलायचा, टर्मिनल साफ करायचे आणि एसीचं निर्जंतुकीकरण. एसीचा काय संबंध, विचारलं तर म्हणाला, "सर, गाडी आलीच आहे तर." गाडी आलीच नव्हती. मी रिक्षाने गेलो होतो.

काकांनी नवं ज्ञान दिलं. गाडीची कंपनी ऑल्टरनेटर बनवतच नाही, विकत घेते. हे मात्र खरं आहे. जपानची डेन्सो, फ्रान्सची व्हॅलेओ, आपल्या चेन्नईची १९६१ पासूनची ल्युकस-टीव्हीएस, अशी मोजकी घराणी जगाच्या मोटारींना हा दागिना पुरवतात. तीच वस्तू गाडीवाल्या कंपनीच्या खोक्यात घातली की महाग, बनवणाऱ्याच्या खोक्यात स्वस्त. "पण मी जर्मनच घ्यायचा म्हणतो," काका म्हणाले. बॉशने आपला ऑल्टरनेटर-स्टार्टरचा विभाग २०१८ च्या सुमाराला एका चिनी गटाला विकला आणि त्या गटाचा मूळ धंदा कोळशाच्या खाणीतली यंत्रं बनवण्याचा, हे मी त्यांना वाचून दाखवलं. काका थोडा वेळ गप्प बसले. त्यांचा अर्धा संसार जर्मन वस्तूंवर उभा आहे.

मग अँपिअरचा प्रश्न निघाला. आमच्या पार्किंगमध्ये यावर दोन संध्याकाळी खर्च झाल्या. आमचा ७० अँपिअरचा. ९० चा मिळाला तर घ्यावा की नाही? दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, जास्त करंट येऊन वायरिंग जळेल. मी दुसऱ्या पक्षात होतो. पंगतीत वाढपी केवढं पातेलं घेऊन आला यावर आपलं पोट फुटायचं की नाही हे ठरत नाही, आपण मागतो तेवढंच तो वाढतो. ७० किंवा ९० हा पातेल्याचा आकडा आहे. लहान पातेलं आणलं तर शेवटची पानं उपाशी राहतात, मोठ्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते वाढप्याने आग्रह सुरू केला की. नको म्हटलं तरी जिलबी वाढणारा वाढपी म्हणजे बिघडलेला रेग्युलेटर. तो व्होल्टेज पंधरा-सोळापर्यंत नेतो, बॅटरीतलं पाणी उकळतं, दिवे जातात. हा दृष्टांत सगळ्यांना पटला. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जिलबीचा विषय निघालाच आहे म्हणून वाईच्या मुंजीत काय होतं ते विचारलं, आणि सभा बरखास्त झाली.

शनिवारी नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा सुटा भाग हवा असेल तर पाय आपोआप नाना पेठेकडे वळतात. तिथल्या गल्ल्यांमध्ये एक अख्खी मोटार सुट्या तुकड्यांत टांगलेली असते. फक्त ती पुन्हा जोडणारा कुणी भेटला नाही, म्हणून ती तशीच राहिली आहे. पहिल्या अर्ध्या तासात मला पाट्यांवर चार शब्द सापडले: ऑल्टरनेटर, अल्टरनेटर, आल्टीनेटर आणि अल्टीमेटर. शेवटचा मला सर्वांत आवडला. त्यात वस्तूही होती आणि निर्वाणीचा इशाराही.

प्रत्येक दुकानात पहिला प्रश्न एकच. "जुना आणलाय?"

"नाही."

"जुना आणा साहेब. मापाला लागतो."

कारण ऑल्टरनेटर सगळे सारखे दिसतात आणि एकही दुसऱ्यासारखा नसतो. इंजिनला पकडणारे त्याचे कान कुठे दोन, कुठे तीन. पुलीवर बेल्टच्या खाचा कुठे चार, कुठे पाच, कुठे सहा. पाठीमागच्या प्लगात पिना कुठे दोन, कुठे तीन. एकाच मॉडेलला एकाच वर्षात कंपनीने दोन वेगवेगळ्या पुरवठादारांचे बसवलेले असतात. खरा नंबर असतो ऑल्टरनेटरच्या अंगावरच्या लेबलवर, आणि लेबल इंजिनच्या बाजूला तोंड करून असतं. थोडक्यात, नवा निवडायला जुना हातात असावा लागतो. माझा जुना चारशे रुपयांत गेला होता. मामांना फोन केला. ते म्हणाले, "तो गेला साहेब. भंगारवाला थांबतो होय?"

मी गाडीचं आरसी बुक दाखवलं, फोटो दाखवले, बंगळूरहून मुलीने शोधून पाठवलेला पार्ट नंबर दाखवला. त्यावर जे मिळालं ते एका शब्दात सांगता येईल: ओरिजिनल. सगळीकडे ओरिजिनल. नुसता ओरिजिनल २,९००. कंपनी ओरिजिनल ६,८००. ओरिजिनल मेकचा ४,५००. ओरिजिनल टाइप १,९००. एका दुकानदाराने शपथेवर सांगितलं, "हा तर एकदम ओरिजिनलसारखा ओरिजिनल आहे." विशेषणाला विशेषण लागायला लागलं की नाम आजारी आहे असं समजावं, हा माझा धंद्यातला अनुभव. 'खरोखर सत्य घटना' असं छापलेलं पुस्तक मी कधीच खरं धरलं नाही.

२,९०० वाल्या नुसत्या ओरिजिनलचं खोकं मी हातात घेतलं. झकास खोकं. होलोग्राम चमकत होता. एका नामांकित कंपनीचं बोधचिन्ह होतं. आणि त्याखाली 'जेन्युइन' हा इंग्रजी शब्द होता, त्यात एक अक्षर कमी. बत्तीस वर्षांची नोकरी एका क्षणात फळाला आली. मी खोकं काउंटरवर ठेवलं आणि अक्षरावर बोट ठेवलं.

दुकानदाराने वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "स्पेलिंग चुकलंय साहेब. माल नाही चुकलेला."

त्या दिवशी मी जवळजवळ मिरवतच घरी आलो. खोटा माल ओळखायची किल्ली माझ्या हाती लागली होती. ती फार दिवस टिकली नाही. सोमवारी ६,८०० वाला कंपनी ओरिजिनल बघायला अधिकृत विक्रेत्याकडे गेलो. तिथे सगळं कायद्याने हवं तसं होतं. कमाल किंमत, महिना, साल, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीचा फोन. कोड मोबाइलने वाचला तर कंपनीच्या ॲपने खरा म्हणून सांगितलं. पक्कं बिल. आणि खोक्याच्या तळाशी हिंदीत छापलं होतं, 'सवधानी'. काना गायब. मी ती ओळ तीनदा वाचली. खऱ्यातही चूक होती, खोट्यातही होती. बत्तीस वर्षं मी ज्या समजावर पगार घेतला, तो समज त्या खोक्याच्या तळाशी गळून पडला.

तरी घेतला. ६,८०० मोजले, रिक्षाने आणला, मामांनी खोकं उघडलं आणि मागचा प्लग बघून मान हलवली. "दोन पिना. आपल्याला तीन पाहिजेत." दुकानात परत नेला. विकलेला माल परत घेतला जात नाही ही पाटी तिथे होतीच, पण विक्रेता भला माणूस, म्हणाला, बदलून देतो. तीन पिनांचा आठ दिवसांनी येईल, चेन्नईहून. चेन्नई म्हटल्यावर मला धीर आला. पण मुलगी गुरुवारी येणार होती, तिच्या दोन बॅगा आणि एक मांजर, आणि विमानतळावरून मांजराला रिक्षाने आणायचं नाही अशी तिची अट. मी पैसे परत मागितले. ते त्याने दिले. त्याबद्दल त्याचे आभार. अशी माणसं लिहिण्यात येत नाहीत, कारण त्यांच्यावर विनोद होत नाही.

बुधवार होता, म्हणून जुन्या बाजारातही जाऊन आलो. ताडपत्रीवर पितळी कुलपं, कॅमेऱ्यांची भिंगं, एका पायाचा टेबलफॅन, आणि त्यात चक्क फियाटचा डायनामो. खराखुरा, नळकांड्यासारखा. मी तो हातात घेऊन उभा राहिलो. काकांना भेट द्यायचा मोह झाला होता. विक्रेत्याने विचारलं, "गाडी कुठली?" सांगितल्यावर म्हणाला, "मग पेठेत मागच्या गल्लीत जा. तिथे शेठ आहेत. त्यांच्याकडे सगळं मिळतं."

शेठ लाकडी स्टुलावर बसले होते. मागे मांडणीवर ऑल्टरनेटर रचलेले, देवळाबाहेर नारळ रचतात तसे. सगळे चंदेरी रंगाचे, ताजे. मी साल सांगितलं, मॉडेल सांगितलं आणि आता पाठ झालेली आरती म्हटली: कान दोन, खाचा चार, पिना तीन, अँपिअर सत्तर.

"जुना आणलाय?"

"नाही."

"काही हरकत नाय," शेठ म्हणाले. या वाक्यासाठी मी पाच दिवस पेठ पालथी घातली होती. त्यांनी मुलाला हाक मारली. मुलाने माळ्यावरून एक खाली दिला. "चालू गाडीतला ओरिजिनल आहे."

हा सहावा प्रकार होता. मी अर्थ विचारला.

"कापलेल्या गाडीतला नाय. चालत्या गाडीतून उतरवलेला. कंपनीतून गाडीबरोबर आला तोच. एकाच मालकाचा. पुण्याचीच गाडी." मग आवाज खाली आणून, "मालक मास्तर टाइप माणूस होता. साठच्या वर गाडी नेलीच नाय कधी."

"तुम्हाला हे कसं कळलं?"

"माल बोलतो साहेब."

त्यांनी तो बाकावर चढवला, बेल्ट लावला, मोटरवर फिरवला. बल्ब लागला. मीटरवर १४.२. कान दोन. खाचा चार. पिना तीन. इतकं तंतोतंत जुळत होतं, की माझा ऊर भरून आला. मी तो हातात घेऊन प्रेमाने उलटा केला. पोटावर चंदेरी रंगाखाली काहीतरी उठून आलं होतं. नखाने खरवडलं. आत लाल. शेपटीचं वेटोळं.

"शेठ," मी म्हटलं, "हा माझा आहे."

"आवडला ना? मग तुमचाच आहे."

"तसं नाही. हा माझ्याच गाडीतला आहे."

"मग तर प्रश्नच नाय. एकदम फिट बसेल."

मी त्यांना सगळी हकीगत सांगितली. वाई, बोगदा, पासबुक, चारशे रुपये. शेठनी ती मन लावून ऐकली आणि साठच्या वर गाडी न नेणारा माणूस आपल्यासमोर उभा आहे हे लक्षात आल्यावर जरासे ओशाळले. एवढंच म्हणाले, "बघा, मी खोटं बोललो का?" नव्हते बोलले. सबंध पेठेत अक्षर न् अक्षर खरं बोललेला हा एकच दुकानदार होता, आणि त्याच्या मालाला खोकंच नव्हतं.

किंमत २,६००. माझाच माल मलाच विकता म्हणून मी हुज्जत घातली. शेठनी हिशेब सांगितला. तुम्ही चारशेला सोडलात. भंगारवाल्याचे वर गेले. आत कार्बन नवे, रेग्युलेटर नवा, दोन बेअरिंग नवी, धुलाई. "रंगाचे दोनशे धरत नाय तुमच्याकडून." २,४०० ला तुटलं. म्हणजे मिळालेले चारशे वजा जाता मला तो दोन हजारांना पडला. मामांचा वाइंडिंगवाला हेच काम १,८०० मध्ये करून देत होता. वरचे दोनशे बहुतेक रंगाचेच.

मामांनी दुपारी तो बसवला. प्लग आवाज न करता आत गेला. गाडी चालू केली, मीटर लावला, १४.२. तांबडा दिवा गेला. हेडलाइट दुपारच्या उन्हातही दिसले. "कुठून आणला?" मामा म्हणाले. "माल चांगला आहे." मी म्हटलं, पेठेतून. बायको शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त दबक्या आवाजात हसली आणि नेलपॉलिशची बाटली माझ्या हातात दिली. चुकून गाळलेला शब्द परत ठेवायचा असेल तर आम्ही त्याच्याखाली टिंबं देतो. मामा बॉनेट लावायच्या आत मी वाकून वेटोळ्याखाली चार टिंबं दिली.

गुरुवारी मांजर गाडीने आलं.

शेठनी दिलेलं बिल मी जपून ठेवलं आहे. वर छापलं आहे 'एस्टिमेट', नंबर नाही, सही वाचता येत नाही. मधोमध निळ्या पेनाने लिहिलं आहे, 'डायनामो, ओरिजिनल, १ नग. गॅरंटी नाही.' मी ते दोनदा तपासलं. त्यात एकही चूक नाही.